आयातीची झळ आणि कामगारांचे पुनर्वसन

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



तुलनात्मक लाभाचा सिद्धांत आपण सर्वांनी अभ्यासला आहे. डेव्हिड रिकार्डो यांनी तो १८१७ मध्ये मांडला. जी वस्तू आपल्याला तुलनेने कमी त्यागात निर्माण करता येते ती आपण करावी आणि उरलेल्या वस्तू इतरांकडून घ्याव्यात, म्हणजे व्यापार करणाऱ्या दोन्ही देशांचे हित साधते, असे हा सिद्धांत सांगतो. परीक्षेतील उत्तर बहुधा येथेच संपते. परंतु स्वस्त आयात मालापुढे ज्याच्या कारखान्याचा टिकाव लागला नाही, त्या कामगाराचा प्रश्न येथूनच सुरू होतो. आज मला या प्रश्नाविषयी आपल्याशी बोलायचे आहे. त्यासाठी मी प्रामुख्याने अमेरिकेतील एका योजनेचा आधार घेणार आहे, कारण या प्रश्नावर सर्वांत दीर्घकाळ चाललेला शासकीय प्रयोग त्या देशात झाला. त्या प्रयोगाचे यश आणि अपयश दोन्ही आपल्या उपयोगाचे आहेत.

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात कॅनापोलिस नावाचे गाव आहे. टॉवेल आणि चादरी विणणाऱ्या कॅनन गिरण्यांभोवती ते वाढले. गावातील पुष्कळ घरे आणि दुकाने अनेक दशके गिरणीच्याच मालकीची होती. मुंबईच्या गिरणगावाची आठवण व्हावी अशी तेथील जीवनाची घडी होती. बापाच्या जागी मुलगा लागे, आणि शिक्षण अर्धवट राहिले तरी गिरणीत काम मिळेल ही खात्री असे. ३० जुलै २००३ रोजी या गिरण्यांची तेव्हाची मालक असलेल्या पिलोटेक्स कंपनीने उत्पादन कायमचे बंद केले. एका राज्यातच सुमारे ४,८०० कामगार बेकार झाले. त्या राज्याच्या इतिहासातील ती तोपर्यंतची सर्वांत मोठी कामगारकपात होती.

टॉवेल आणि चादरी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे सोलापूर उभे राहते. १ जानेवारी २००५ रोजी जागतिक वस्त्रव्यापारातील कोटापद्धती संपुष्टात आली आणि भारतासह आशियातील देशांच्या कापडाला पाश्चात्त्य बाजारपेठ अधिक मोकळी झाली. आपल्या निर्यातदारांना मिळालेली संधी आणि कॅनापोलिसच्या कामगारावर आलेली आपत्ती या एकाच घडामोडीच्या दोन बाजू होत. म्हणून या विषयाकडे परक्या देशाचा प्रश्न म्हणून पाहून चालणार नाही. आज आपण जिंकणाऱ्यांच्या बाजूला असलो, तरी दुसऱ्या एखाद्या वस्तूच्या बाबतीत उद्या हरणाऱ्यांच्या बाजूला असू शकतो.

लाभ सर्वांचा, हानी मोजक्यांची

व्यापारामुळे होणारा लाभ विखुरलेला असतो. टॉवेल थोडा स्वस्त झाला तर कोट्यवधी ग्राहकांचे थोडे थोडे पैसे वाचतात. हानी मात्र एका गावात, एका उद्योगात, काही हजार कुटुंबांवर एकदम कोसळते. कल्याणकारी अर्थशास्त्रात १९३९ मध्ये निकोलस कॅल्डॉर आणि जॉन हिक्स यांनी या संदर्भात भरपाईची कसोटी मांडली. ज्यांना लाभ झाला ते हानी झालेल्यांची भरपाई करूनही फायद्यात राहू शकत असतील, तर तो बदल समाजाच्या दृष्टीने इष्ट मानावा, असे या कसोटीचे सार आहे. येथे ‘राहू शकत असतील’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. भरपाई प्रत्यक्षात दिली गेलीच पाहिजे, अशी अट ही कसोटी घालत नाही. पुस्तकात हा तपशील बारीक वाटतो. ज्या घरातील मिळवता माणूस बेकार झाला आहे, त्या घरात मात्र सारे काही याच तपशिलावर अवलंबून असते. शासकीय साहाय्याची कल्पना शक्य असलेली भरपाई प्रत्यक्षात उतरवण्याच्या विचारातून पुढे आली.

अमेरिकेत हा विचार प्रथम एका कामगार नेत्याने ठामपणे मांडला, ही बाब लक्षणीय आहे. पोलाद कामगार संघटनेचे अध्यक्ष डेव्हिड मॅक्डॉनल्ड यांनी १९५४ मध्ये परराष्ट्र आर्थिक धोरण आयोगापुढे असा प्रस्ताव ठेवला, की आयात शुल्क कमी केल्यामुळे ज्यांचे नुकसान होईल त्यांना शासनाने सावरावे. तो त्या वेळी स्वीकारला गेला नाही. पुढे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या कारकिर्दीत १९६२ च्या व्यापार विस्तार कायद्यात ‘व्यापार समायोजन साहाय्य’ या नावाने त्याला स्थान मिळाले. शुल्ककपातीला कामगार संघटनांनी पाठिंबा द्यावा आणि त्याबदल्यात शासनाने विस्थापित कामगारांची जबाबदारी घ्यावी, असा तो अलिखित करार होता.

साठ वर्षांची वाटचाल

या कराराचे पहिले पर्व निराशाजनक ठरले. १९६२ च्या कायद्यानुसार कामगारांना दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागत : आयात मुख्यतः शुल्कसवलतींमुळे वाढली आहे आणि या वाढलेल्या आयातीमुळेच प्रामुख्याने नोकरी गेली आहे. कारणांची ही साखळी सिद्ध करणे इतके अवघड होते की १९६९ पर्यंत कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही. योजना कायद्यात होती, तिचा लाभार्थी मात्र कोणीच नव्हता.

१९७४ च्या व्यापार कायद्याने ही अट सैल केली. शुल्कसवलतींशी संबंध दाखवण्याची गरज उरली नाही; आयातवाढीचा नोकरकपातीत महत्त्वाचा वाटा आहे, एवढे दाखवणे पुरेसे ठरले. परिणामी चित्र एकदम पालटले. मोटार उद्योगातील मंदीमुळे १९८० च्या सुमारास लाभार्थींची संख्या लाखांत गेली आणि खर्च वर्षाला दीड अब्ज डॉलरच्या पुढे पोहोचला. १९८१ मध्ये रेगन प्रशासनाने योजनेला मोठी कात्री लावली. १९८८ मध्ये भत्ता मिळवण्यासाठी प्रशिक्षण घेणे ही सर्वसाधारण अट झाली. १९९३ मध्ये उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार कराराच्या निमित्ताने वेगळी जोडयोजना आली आणि २००२ च्या कायद्याने ती मूळ योजनेत विलीन केली. २००९ मध्ये सेवाक्षेत्रातील कामगारांनाही लाभ देण्यात आला. त्यानंतर पात्रतेचे नियम कधी आकुंचित तर कधी विस्तारित होत राहिले. एकाच उद्योगातील दोन कामगारांनी काही महिन्यांच्या अंतराने अर्ज केला, तर त्यांना वेगवेगळे नियम लागू होत.

ही योजना कायम स्वरूपाची नव्हती, तिला ठरावीक मुदतीनंतर काँग्रेसची मंजुरी लागे. राजकीय एकमत न झाल्यामुळे १ जुलै २०२२ पासून नव्या अर्जांची छाननी आणि मंजुरी थांबली. आधीच पात्र ठरलेल्या कामगारांचे लाभ तेवढे चालू राहिले. अशा रीतीने १९६२ चा करार साठ वर्षांनी नव्या विस्थापितांपुरता खंडित झाला.

योजनेची रचना

परीक्षेच्या दृष्टीने या योजनेची कार्यपद्धती नीट समजून घेणे उपयुक्त ठरेल. अर्ज एकट्या कामगाराने करायचा नसे; किमान तीन कामगार, त्यांची संघटना, मालक अथवा राज्यातील रोजगार यंत्रणा यांच्यापैकी कोणीही तो करू शकत असे. केंद्रीय श्रम विभागाने चाळीस दिवसांत चौकशी करून निर्णय द्यावा, असा दंडक होता. चौकशी अधिकारी कंपनीचे उत्पादन, विक्री आणि रोजगार यांचे आकडे पाहत आणि कंपनीच्या ग्राहकांनी परदेशी मालाकडे मोहरा वळवला आहे काय, याची विचारणा करत. अर्ज मंजूर झाल्यावर त्या गटातील प्रत्येक कामगाराला वैयक्तिक लाभांसाठी पात्र होता येई.

लाभ मुख्यतः चार प्रकारचे होते. पहिला, प्रशिक्षणाचा खर्च. दुसरा, बेकारी विम्याची मुदत संपल्यावर प्रशिक्षण काळात मिळणारा निर्वाह भत्ता. अलीकडच्या नियमांनुसार बेकारी विमा धरून ही मुदत १३० आठवड्यांपर्यंत जाऊ शके. तिसरा, नोकरीच्या शोधासाठी आणि दुसऱ्या गावी स्थलांतर करण्यासाठी मर्यादित अर्थसाहाय्य. चौथा लाभ २००२ मध्ये आलेल्या वेतन विम्याचा. पन्नास वा अधिक वर्षे वयाच्या कामगाराने कमी पगाराची नवी नोकरी लवकर स्वीकारली, तर जुन्या आणि नव्या वेतनातील फरकाची निम्मी रक्कम शासन दोन वर्षांपर्यंत देई. उदाहरणार्थ, वार्षिक ४०,००० डॉलर मिळवणाऱ्याला ३०,००० डॉलरची नोकरी मिळाली, तर फरक १०,००० डॉलरचा. त्याला वर्षाला ५,००० आणि दोन वर्षांत १०,००० डॉलर मिळत. मूळ तरतुदीत हीच कमाल मर्यादा होती.

या चौथ्या लाभामागील विचार विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. पंचावन्न वर्षांच्या विणकराला दोन वर्षे संगणक शिकवण्यापेक्षा त्याला लवकर कामावर रुजू होऊ देणे आणि उत्पन्नातील घट वाटून घेणे अनेकदा अधिक व्यवहार्य असते.

अनुभव काय सांगतो?

कॅनापोलिसच्या कामगारांनाही या योजनेचा लाभ मिळाला. स्थानिक सामुदायिक महाविद्यालयाचे वर्ग प्रौढ विद्यार्थ्यांनी भरून गेले. ज्यांनी माध्यमिक शिक्षणही पूर्ण केले नव्हते, त्यांना आधी ते पूर्ण करावे लागले आणि मगच नव्या व्यवसायाचे शिक्षण घेता आले. भत्त्याची मुदत मात्र ठरलेली होती. गिरणीच्या जागेवर पुढे जैवतंत्रज्ञानाचे संशोधन संकुल उभे राहिले. २००५ मध्ये घोषित झालेल्या या संकुलामुळे गावाला नवी ओळख लाभली. परंतु प्रयोगशाळेला हवे असलेले हात आणि मागावर तयार झालेले हात एकच नव्हते.

संशोधकांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. श्रम विभागासाठी झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात असे आढळले, की प्रशिक्षण चालू असल्याने लाभार्थींचा रोजगार आरंभी इतर बेकारांपेक्षा कमी होता. चौथ्या वर्षापर्यंत रोजगारातील अंतर बरेचसे भरून निघाले, उत्पन्नात मात्र लाभार्थी मागेच राहिले. उलट अर्थतज्ज्ञ बेंजामिन हायमन यांनी एक वेगळी पद्धत वापरली. काही चौकशी अधिकारी उदार असतात, काही कठोर; त्यामुळे सारख्याच प्रकारच्या अर्जांना वेगळे निर्णय मिळतात. या योगायोगाचा उपयोग करून त्यांनी दाखवले, की मंजुरी मिळालेल्या कामगारांचे दहा वर्षांतील एकत्रित उत्पन्न सुमारे ५०,००० डॉलरने अधिक होते, पुढे मात्र हा फरक ओसरत गेला.

या दोन निष्कर्षांत वाटतो तेवढा विरोध नाही. साहाय्य मिळाले तर त्याचा उपयोग होतो, परंतु तो दिसायला वेळ लागतो आणि तो कायमचा नसतो. खरी उणीव व्याप्तीची होती. डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन यांनी २०१३ मध्ये चिनी आयातीचा अमेरिकेतील स्थानिक रोजगारावर झालेला परिणाम अभ्यासला. ज्या भागांवर आयातीचा आघात अधिक होता, तेथे शासकीय साहाय्य वाढले. परंतु ते प्रामुख्याने अपंगत्व भत्ता, निवृत्तिवेतन आणि वैद्यकीय साहाय्य या मार्गांनी वाढले. खास याच हेतूने काढलेल्या योजनेचा वाटा अत्यल्प होता. याचा अर्थ असा, की नोकरी गमावलेल्या अनेक माणसांनी पुन्हा उभे राहण्याच्या वाटेऐवजी कायमचे बाजूला होण्याची वाट धरली. कामगार संघटनांच्या वर्तुळात या योजनेला उपहासाने ‘अंत्यविधीचा विमा’ म्हटले जाई, त्यामागे हीच वेदना होती.

असे का झाले? माझ्या मते, याचे मूळ योजनेच्या पायाभूत अटीत आहे. साहाय्य नोकरी जाण्यावर अवलंबून नव्हते, ती कशामुळे गेली याच्या पुराव्यावर होते. एखादा कारखाना बंद पडतो तेव्हा आयात, नवी यंत्रे, कर्जाचा बोजा, व्यवस्थापनाच्या चुका आणि मंदी ही कारणे परस्परांत गुंतलेली असतात. त्यांतील आयातीचा वाटा वेगळा काढणे तज्ज्ञांनाही कठीण जाते. ज्या कामगाराला उद्याचे घरभाडे भरायचे आहे, त्याने तो वेगळा काढून दाखवावा ही अपेक्षा अवाजवी होती. ज्याला ते जमले त्याला दोन वर्षांहून अधिक आधार; ज्याला जमले नाही त्याला सामान्य बेकारी विम्याचे काही महिने. दोघांच्या चुली मात्र सारख्याच विझलेल्या होत्या.

युरोपीय संघाने २००७ पासून जागतिकीकरण समायोजन निधी सुरू केला. आरंभी किमान १,००० कामगारांची कपात झाल्याखेरीज सदस्य राष्ट्राला या निधीकडे मागणी करता येत नसे. २००९ मध्ये ही संख्या ५०० आणि २०२१ च्या नियमांत २०० करण्यात आली. याच नियमांनी जागतिकीकरणाशी संबंध दाखवण्याची अट काढून टाकली आणि कोणत्याही कारणाने झालेली मोठी पुनर्रचना पात्र ठरवली. कारणाच्या पुराव्याकडून कामगाराच्या गरजेकडे युरोप सरकला, हे येथे नोंदवले पाहिजे.

भारतीय संदर्भ

भारतात आयात स्पर्धेमुळे विस्थापित झालेल्या कामगारांसाठी अशी स्वतंत्र योजना नाही. आपल्याकडील विचार औद्योगिक आजारपण आणि पुनर्रचना यांच्या अंगाने विकसित झाला. खाजगी कापडगिरण्या कायमच्या बंद पडल्याने बेकार झालेल्यांसाठी १९८६ मध्ये वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी योजना आली. तिच्यात पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के साहाय्याची तरतूद होती. मुंबईच्या गिरण्या कशामुळे बंद पडल्या याविषयी आजही मतभेद आहेत. १९८२ चा संप, जुनी यंत्रसामग्री, यंत्रमागांची स्पर्धा आणि जमिनींचे चढते भाव अशी अनेक कारणे सांगितली जातात. अमेरिकी कसोटी लावली असती, तर गिरणगावातील किती अर्ज मंजूर झाले असते, याचा आपण विचार करावा.

१९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर फेब्रुवारी १९९२ मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी स्थापन झाला. पुनर्प्रशिक्षण आणि पुनर्नियुक्ती हे त्याचे घोषित उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात त्यातील बहुतांश रक्कम सार्वजनिक उपक्रमांतील स्वेच्छानिवृत्तीवर खर्च झाली आणि २००० मध्ये हा निधी बंद करण्यात आला. पुढच्याच वर्षी, १ एप्रिल २००१ रोजी, उरलेल्या ७१५ वस्तूंवरील आयातीचे संख्यात्मक निर्बंध उठले. आयातीचे दार उघडण्याच्या सुमारासच कामगारासाठी राखलेला निधी मिटला, हा योगायोग बोलका आहे.

आयातीचा आघात झाला तर आपल्याकडे उद्योगासाठी उपाय आहेत. सीमाशुल्क दर कायदा, १९७५ अन्वये अवपुंजनविरोधी शुल्क आणि संरक्षक शुल्क लावता येते. २०१८ पासून त्यासंबंधीची चौकशी व्यापार उपाययोजना महासंचालनालय करते. या शुल्काने कारखाना वाचला तर कामगारही वाचतो, हे खरे. तो वाचला नाही तर मात्र ही यंत्रणा कामगाराला काही देत नाही.

कामगाराच्या वाट्याला येतात त्या सर्वसाधारण तरतुदी. राज्य विमा योजनेतील कामगारांसाठी २००५ मध्ये राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आणि २०१८ मध्ये अटल बिमित व्यक्ती कल्याण योजना सुरू झाली. दुसऱ्या योजनेतील साहाय्य आरंभी सरासरी उत्पन्नाच्या २५ टक्के आणि कमाल ९० दिवसांचे होते; २०२० मध्ये ते ५० टक्के करण्यात आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये कामगार पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने शेवटच्या वेतनाच्या पंधरा दिवसांइतकी रक्कम या निधीत भरायची आणि ती कपातीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची, असे तिचे स्वरूप आहे. नोकरी का गेली हे येथे विचारले जात नाही, ही तिची जमेची बाजू होय. पंधरा दिवसांच्या वेतनात नवे कौशल्य कसे मिळवायचे, हा प्रश्न मात्र उरतो. शिवाय याच संहितेने कपातीसाठी शासनाची पूर्वपरवानगी आवश्यक असण्याची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर नेली आहे. कपात सुकर होत असेल, तर पुनर्वसनही त्याच प्रमाणात भक्कम असले पाहिजे.

या सर्व तरतुदींचा लाभ मिळण्यासाठी हजेरीपटावर नाव असावे लागते. भिवंडी वा मालेगावच्या यंत्रमागावर राबणाऱ्या अनेक कामगारांकडे नेमणूकपत्र नसते. अशा कामगाराला आपण नोकरीत होतो हेच सिद्ध करता येत नाही. ती आयातीमुळे गेली हे तो कोठून सिद्ध करणार? ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम पोर्टलमुळे असंघटित कामगारांची नोंदणी होऊ लागली, ही आवश्यक पायरी आहे. पण नोंद म्हणजे साहाय्य नव्हे.

आणखी एक बाजू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने अनेक भारतीय वस्तूंवर एकूण ५० टक्के आयात शुल्क लावले, तेव्हा तिरुपूर आणि सुरत येथील निर्यातप्रधान उद्योगांत चिंता पसरली. ऑर्डर रद्द झाल्यामुळे काम गमावणारा कामगार आयातीचा बळी नसतो, निर्यात थांबल्याचा असतो. केवळ आयातीच्या निकषावर बेतलेल्या योजनेत त्याला स्थानच नसते.

समारोप

मित्रहो, आपल्यापैकी काही जण उद्या प्रशासनात जातील आणि अशा योजनांचे निकष लिहितील वा राबवतील. अमेरिकेच्या साठ वर्षांच्या अनुभवातून मला दोन गोष्टी शिकण्यासारख्या वाटतात. पहिली, व्यापारातून राष्ट्राला लाभ होत असेल तर त्यातील एक हिस्सा हानी सोसणाऱ्यांना देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. ते उपकार नव्हेत. हे तत्त्व प्रथम कायद्यात आणण्याचे श्रेय त्या देशाला दिलेच पाहिजे. दुसरी, हे कर्तव्य नोकरी जाण्याच्या कारणाला बांधून ठेवू नये. नोकरी गेली एवढेच साहाय्यास पुरेसे मानावे. निर्वाह, प्रशिक्षण, स्थलांतर आणि उतारवयातील कामगारासाठी वेतनातील तुटीची अंशतः भरपाई हे चार आधार त्याला विनाविलंब मिळावेत. कारणमीमांसा संशोधकांनी सावकाश करावी, तिच्यासाठी कामगाराला ताटकळत ठेवू नये.

तुलनात्मक लाभावरील प्रश्न पुन्हा आपल्यासमोर येईल, तेव्हा रिकार्डोचे उत्तर अवश्य लिहा. त्याखाली दोन ओळींची जागा राहिली, तर ज्याचा माग थांबला त्या माणसाचे पुढे काय झाले आणि त्याच्यासाठी शासनाने काय करायला हवे, हेही लिहा.